प्रादेशिक सत्ता म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या बाजूला एका जुन्या वाड्याच्या माडीवर आमचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग भरतो. मुलं बहुतेक ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली. घरात मराठी, शाळा-कॉलेज हिंदीतून, स्पर्धापरीक्षेची पुस्तकं अर्धी इंग्रजी. आंतरराष्ट्रीय संबंधांचा धडा निघाला की दर वर्षी तेच प्रश्न नव्या तोंडून येतात. तोंडी उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून यंदा लिहूनच काढली.

प्रादेशिक सत्ता म्हणजे भोपाळचं सरकार का?

नाही. पण पहिल्याच तासाला एका मुलानं हे अगदी गंभीरपणे विचारलं होतं, आणि त्यात त्याची फारशी चूक नव्हती. आपल्याकडे नुसतं 'प्रदेश' म्हटलं की मध्य प्रदेशच समोर येतो, त्यात बातम्यांमध्ये रोज 'प्रादेशिक पक्ष' ऐकायची सवय. इथे प्रदेश म्हणजे अनेक देश मिळून झालेला टापू. दक्षिण आशिया, पश्चिम आफ्रिका, दक्षिण अमेरिका, असा. हिंदी पुस्तकांत याला 'क्षेत्रीय शक्ति' म्हणतात. अशा टापूत ज्या देशाचं पारडं इतरांपेक्षा जड असतं, ज्याला वगळून तिथला मोठा प्रश्न सुटत नाही, पण टापूबाहेर ज्याचा शब्द तेवढा चालत नाही, तो देश प्रादेशिक सत्ता.

त्या मुलाचा प्रश्न मात्र मी शेवटी पुन्हा काढणार आहे.

महासत्ता, मध्यम सत्ता आणि प्रादेशिक सत्ता यांत फरक काय?

महासत्तेची पोच जगभर असते. शीतयुद्धाच्या काळात अशा दोन होत्या, अमेरिका आणि सोव्हिएत संघ. मध्यम सत्ता म्हणजे शस्त्रबळात फार मोठी नाही, पण जगाच्या पंचायतीत जिचं ऐकलं जातं अशी. कॅनडा हे ठरलेलं उदाहरण. १९५६ च्या सुएझ पेचात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना पाठवायची कल्पना कॅनडाच्या लेस्टर पिअरसन यांनी पुढे रेटली आणि १९५७ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. पण कॅनडा प्रादेशिक सत्ता होऊ शकत नाही, कारण भिंतीला भिंत लागून अमेरिका बसली आहे. म्हणजे हा दर्जा तुम्ही किती मोठे आहात यावर जेवढा, तेवढाच तुमच्या बाजूला कोण राहतं यावरही ठरतो.

बॅरी बुझान आणि ओले वेव्हर या अभ्यासकांची मांडणी इथे उपयोगी पडते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की धोका लांबून येण्यापेक्षा जवळून लवकर येतो. त्यामुळे शेजारशेजारच्या देशांची सुरक्षितता एकमेकांत इतकी गुंतते की एकाचा विचार दुसऱ्याला सोडून करताच येत नाही. हा गुंता जिथे घट्ट, तिथे एक 'प्रदेश' तयार होतो. नकाशावरच्या रंगांनी होत नाही.

प्रादेशिक सत्तांची अधिकृत यादी कुठे मिळेल?

कुठेच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत सुरक्षा परिषदेचे पाच कायम सदस्य नावानिशी आहेत, आठव्या प्रकरणात प्रादेशिक संघटनांची सोय आहे, पण 'प्रादेशिक सत्ता' असा दर्जा कोणालाही दिलेला नाही. हा अभ्यासकांचा शब्द आहे. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, नायजेरिया, इंडोनेशिया, तुर्कस्तान, इराण, सौदी अरेबिया ही नावं बहुतेक जण घेतात. पुढे वाद सुरू होतो.

मग मोजायचं कशानं? सैन्य, पैसा की लोकसंख्या?

ही तिन्ही मोजा, पण तिथेच थांबू नका. आमच्या वाड्यात नळ एक दिवसाआड येतो आणि गच्चीवरच्या टाकीची मोटर सगळ्यांत मिळून एक. तिची किल्ली खालच्या काकूंकडे. किल्ली त्यांना कोणी दिली, ते आता कोणालाच आठवत नाही. त्यांचं घर सगळ्यांत मोठं आणि नळाचा वाल्व त्यांच्या ओसरीत, एवढंच. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण काकूंबद्दल कुरकुरतो. आपल्याकडे जरा जास्त वेळ चालू ठेवतात, विचारायला गेलं तर कपाळाला आठ्या घालतात, वगैरे. गेल्या मे महिन्यात मोटर जळाली, तेव्हा हेच सगळे अर्ध्या तासात काकूंच्या दारात उभे. मिस्त्री त्यांनीच बोलावला, पैसे त्यांनीच आधी भरले, आणि नंतर हिशोब मागितल्यावर पुन्हा कुरकुर.

प्रादेशिक सत्तेचं असंच असतं. साधनं हवीत, पुढाकार घ्यायची तयारी हवी, आणि शेजाऱ्यांनी ते चालवून घ्यायला हवं. तिसरी गोष्ट कुठल्याच तक्त्यात सापडत नाही आणि नेमकी तीच सगळ्यांत अवघड. ज्याच्याबद्दल शेजारी तक्रार करतात आणि अडल्यावर ज्याच्याच दारात येतात, तिथे ही सत्ता आहे असं मी तरी समजते.

कौटिल्यानं हे आधीच सांगून ठेवलंय ना?

सगळं नाही, पण जवळपास जाणारं काही नक्कीच. अर्थशास्त्रातल्या बारा राजांच्या मंडलात 'मध्यम' नावाचा एक राजा आहे. त्याचा मुलूख विजिगीषू, म्हणजे जिंकायला निघालेला राजा, आणि त्या राजाचा शत्रू या दोघांनाही लागून असतो. दोघांनाही मदत करण्याची, आणि वेगवेगळे असताना दोघांनाही आवरण्याची त्याची ताकद असते. त्याच्यापलीकडे 'उदासीन' असतो. तो लांबचा, सगळ्यांहून बलवान, अजून या भांडणात न उतरलेला. आजचा अभ्यासक बाहेरच्या महासत्तेबद्दल जे लिहितो, ते या उदासीनाशी ताडून पाहा. फक्त 'म्हणजे आपल्याकडे सगळं होतंच' असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. गुण जातात.

ग्वाल्हेरच्या इतिहासात याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते मी दर वर्षी जरा लांबवते. साल्बाई हे गाव आपल्या शहराच्या दक्षिणेला, फार लांब नाही. १७ मे १७८२ रोजी तिथे इंग्रज आणि पेशवे यांच्यात तह झाला आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध मिटलं. रघुनाथरावांना पेन्शन देऊन बाजूला केलं, साष्टी इंग्रजांकडे राहिली, सवाई माधवरावांचं पेशवेपद मान्य झालं. हे पुस्तकात असतंच. त्यात मला महत्त्वाची वाटते ती महादजी शिंद्यांची जागा. तह कंपनी आणि पेशवे यांच्यातला, पण तो पाळला जाईल याची हमी दोन्ही बाजूंना महादजींनी दिली.

आता दोनच वर्षं मागे जा. ऑगस्ट १७८० मध्ये कंपनीचा अधिकारी पॉपहॅम याच्या शिपायांनी रात्रीत शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला होता. म्हणजे ज्याच्याकडून किल्ला गेला, तोच दोन वर्षांत दोघांचा जामीन झाला. पुण्याला इंग्रजांपर्यंत पोचायला महादजी लागत होते आणि इंग्रजांना पुण्यापर्यंत पोचायलाही महादजीच. नाना फडणवीसांना हे कितपत रुचलं असेल? त्यांनी तहाच्या मान्यतेला कित्येक महिने लावले. अडल्यावर दारात येणं आणि कुरकुर, दोन्ही इथे आहेत. इंग्रजांनी तो किल्ला गोहदच्या राण्याला दिला होता; १७८३ मध्ये महादजींनी त्याच्याकडून तो परत घेतला, १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद मिळवून त्याचा कारभार स्वतःच्या हातात ठेवला. द ब्वान्य या युरोपियन सेनानीनं तयार केलेल्या कवायती पलटणी हे त्यानंतरच्या वर्षांतलं बळ.

१७९४ मध्ये महादजी गेले. डिसेंबर १८०३ मध्ये त्यांचे वारस दौलतराव यांना इंग्रजांशी सुर्जी-अंजनगावचा तह करावा लागला. जामीन राहणाऱ्याचं घर नऊ-दहा वर्षांत दुसऱ्याच्या अटी मान्य करणारं झालं. पलटणी होत्या, पैसाही अगदी संपला नव्हता, पण पुणे, इंदूर आणि शिंदे यांनी एकमेकांवरचा विश्वास गमावला होता आणि लांबचा 'उदासीन' आता ओसरीत येऊन बसला होता. 'प्रादेशिक सत्ता' हा आजचा शब्द अठराव्या शतकाला तंतोतंत लागू पडत नाही, हे मला कळतं. तरी साल्बाईला एकदा जाऊन या.

भारत प्रादेशिक सत्ता आहे का?

साधनांनी निःसंशय. दक्षिण आशियाची साधारण तीन चतुर्थांश लोकसंख्या भारतात आहे आणि अर्थव्यवस्थेतला वाटा त्याहून मोठा. पण नकाशाकडे नीट बघा. नेपाळ, भूतान आणि बांगलादेश यांच्या सीमा एकमेकांना लागत नाहीत, मध्ये सिलिगुडीची चिंचोळी पट्टी आणि सिक्कीम आहे. श्रीलंका आणि मालदीव समुद्रात. पाकिस्तान-अफगाणिस्तान सोडले तर इथे जवळजवळ प्रत्येकाचा मुख्य शेजारी एकच, भारत. म्हणून प्रत्येकाचं पाण्याचं, रस्त्याचं, व्यापाराचं भांडणही भारताशीच होतं. आपण जरा हललो तरी त्यांना धक्का लागतो, आणि आपल्याला ते जाणवतही नाही.

नेपाळचं २०१५ हे एकच वर्ष घ्या. २५ एप्रिलला भूकंप झाला आणि काही तासांत भारताची विमानं मदत घेऊन काठमांडूकडे निघाली. सप्टेंबरमध्ये नेपाळची नवी राज्यघटना लागू झाली, तराईतल्या मधेशींनी तिला विरोध केला आणि सीमेवरची वाहतूक अडली. गाड्या नेपाळच्या बाजूच्या आंदोलनामुळे अडल्या आहेत, असं भारताचं म्हणणं. ही भारताची नाकेबंदी आहे, असं काठमांडूतल्या लोकांचं. गॅसची टाकी नाही, पेट्रोल नाही, आणि डोक्यावर हिवाळा. एप्रिलमधली मदत लोक विसरले नव्हते, पण रिकामी टाकी रोज समोर दिसत होती. मार्च २०१६ मध्ये पंतप्रधान ओलींनी बीजिंगला जाऊन चीनमार्गे मालवाहतुकीचा करार केला. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये बिहारच्या मोतिहारीपासून नेपाळच्या अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली. इंधन आजही मुख्यतः भारतातूनच जातं. फरक एवढाच की आता नेपाळच्या खिशात दुसरा कागद आहे, आणि तो आहे हे दिल्लीला माहीत आहे.

शेजारी फौज पाठवली की प्रादेशिक सत्ता सिद्ध होते?

दोन उदाहरणं शेजारी ठेवा. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवमध्ये भाडोत्री सैनिकांनी उठाव केला. राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आपल्या शेजारच्या आग्र्याहून उडालेले छत्रीधारी सैनिक हुलुलेच्या धावपट्टीवर उतरले. उठाव मोडला, बहुतेक फौज लवकरच परतली.

श्रीलंकेत उलटं झालं. जुलै १९८७ च्या करारानंतर भारतीय शांतिसेना तिथे गेली. करारावर सही झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारून वार केला. पुढे काय वाढून ठेवलंय, ते तिथेच दिसलं होतं. जाफन्यात तमिळ वाघांशी लढाई, कोलंबोत सिंहली संताप, आणि शेवटी खुद्द राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनीच परत जायला सांगितलं. मार्च १९९० मध्ये फौज परतली, तोवर सुमारे १,२०० भारतीय सैनिक कामी आले होते. मालदीवचं काम नेमकं होतं, बोलावणारा एक होता, मुक्काम थोडा होता. श्रीलंकेत यातलं एकही नव्हतं.

२०२२ मध्ये श्रीलंकेची तिजोरी रिकामी झाली तेव्हा भारतानं कर्ज, इंधन, औषधं मिळून सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली. त्यानं जेवढी जागा मिळाली, तेवढी तीन वर्षांच्या फौजेनं मिळाली नव्हती.

मग सार्क का थंडावली?

दक्षिण आशियाई देशांची ही संघटना ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात सात देशांनी सुरू केली, २००७ मध्ये अफगाणिस्तान आठवा झाला. शेवटची शिखर बैठक २०१४ ची, काठमांडूची. २०१६ ची इस्लामाबादची बैठक उरीच्या हल्ल्यानंतर झालीच नाही. दक्षिण आशियाच्या एकूण व्यापारात आपसातला व्यापार जेमतेम ५ टक्के आहे, आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेत तो २५ टक्क्यांच्या आसपास. भारत आता बिमस्टेक या बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांच्या संघटनेकडे वळलाय, तिथे पाकिस्तान नाही. सोयीचं आहे. पण अर्ध्या वाड्याची बैठक ती अर्ध्या वाड्याचीच.

पाकिस्तानकडे अणुबॉम्ब आहे, मग तीही प्रादेशिक सत्ता नाही का?

अणुबॉम्बनं दुसऱ्याला अडवता येतं, शेजाऱ्यांना मागे आणता येत नाही. उत्तर कोरियाकडेही बॉम्ब आहे. पण त्यामुळे भारताचे हात काही प्रमाणात बांधले गेले, हे खरं. मे १९९८ मध्ये दोघांनीही चाचण्या केल्या. आपल्याच शिंदे की छावणीत जन्मलेले वाजपेयी फेब्रुवारी १९९९ मध्ये बसनं लाहोरला गेले आणि काही महिन्यांत कारगिल पेटलं. २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे बालाकोटवर गेलेली मिराज विमानंही आमच्या महाराजपूरच्या तळाची. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकांना तो आवाज ओळखता येतो, त्यासाठी पुस्तक लागत नाही.

आफ्रिकेत कोण?

दक्षिणेत दक्षिण आफ्रिका, पश्चिमेत नायजेरिया. नायजेरियाची गोष्ट जास्त शिकवून जाते. १९७५ मध्ये इकोवास ही पश्चिम आफ्रिकी देशांची संघटना निघाली. १९९० मध्ये तिची फौज लायबेरियात उतरली, त्यात बहुतांश सैनिक आणि खर्च नायजेरियाचा. २०१७ मध्ये गांबियाचे जामेह निवडणूक हरूनही खुर्ची सोडेनात, तेव्हा फौजा सीमेपलीकडे गेल्या आणि जामेह देश सोडून गेले. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्करानं सत्ता घेतली, इकोवासनं आठवड्याची मुदत देऊन कारवाईची धमकी दिली, नायजेरियानं वीज तोडली. मुदत संपली, काहीच झालं नाही. नायजर, माली आणि बुर्किना फासो यांनी आपली वेगळी आघाडी केली आणि जानेवारी २०२५ मध्ये इकोवास सोडली. धमकी दिलीच नसती तर निदान झाकली मूठ राहिली असती.

ब्राझीलला शेजारी का मानत नाहीत?

मानतात, पण एका मर्यादेपर्यंत. दक्षिण अमेरिकेचा जवळपास अर्धा भूभाग ब्राझीलचा, चिली आणि इक्वेडोर सोडून सगळ्यांशी त्याची सीमा. १९९१ पासून मर्कोसुर या दक्षिण अमेरिकी व्यापारगटात अर्जेंटिनाबरोबर व्यापारही आहे. तरी ब्राझील, भारत, जर्मनी आणि जपान यांनी सुरक्षा परिषदेत कायम जागा मागितल्या, तेव्हा विरोध करणाऱ्यांत अर्जेंटिना, पाकिस्तान, इटली आणि दक्षिण कोरिया दिसले. नावं जोडीनं लावून बघा, कोण कोणाचा शेजारी ते लगेच कळेल.

पश्चिम आशियात नेमकी कोण?

एक अशी नाहीच. इराण, सौदी अरेबिया, तुर्कस्तान, इस्रायल, इजिप्त असे दावेदार अनेक आणि एकही दुसऱ्याला मान्य नाही. मार्च २०२३ मध्ये सौदी आणि इराण यांचा समेट जाहीर झाला तोही बीजिंगमध्ये.

इथे माझी वरची कसोटी जरा डळमळते, तेही सांगते. अडल्यावर लोक कतारच्या दारातही येतात. अमेरिका आणि तालिबान यांचा २०२० चा करार दोह्यात झाला. पण कतार चिमुकला आहे, आणि २०१७ ते २०२१ पर्यंत शेजाऱ्यांनी त्याचीच कोंडी केली होती. मध्यस्थाला कोणी घाबरत नसेल तर तो उपयोगी असतो, प्रादेशिक सत्ता नसतो.

चीनला प्रादेशिक सत्ता म्हणावं का?

१९८० मध्ये म्हणता आलं असतं. आता नाही.

परीक्षेत किती लिहायचं?

व्याख्या तीन ओळींत, एक उदाहरण यशाचं, एक फसल्याचं. तारखा पक्क्या असतील तरच घाला. 'भारत विश्वगुरू' हा परिच्छेद कृपा करून टाळा, तपासणाऱ्यानं त्या दिवशी तो चाळीस वेळा वाचलेला असतो.

म्हणजे राज्य सरकारचा याच्याशी काहीच संबंध नाही ना?

आता त्या पहिल्या मुलाकडे येऊ. सप्टेंबर २०११ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तीस्तेच्या पाणीवाटपाचा मसुदा तयार करून ढाक्याला गेले. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी ऐनवेळी नकार दिला आणि सही झाली नाही. श्रीलंकेचा विषय निघाला की चेन्नईला काय वाटतं, ते दिल्लीला विचारावं लागतं. टापूतली सर्वांत मोठी सत्ता कोलकात्यापाशी अडते, तेव्हा भोपाळचं नाव घेणारा तो मुलगा अगदीच चुकला होता, असं म्हणवत नाही.

गंगेच्या पाण्याचा करार १२ डिसेंबर १९९६ ला झाला, तो ३० वर्षांचा. म्हणजे मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. फराक्का धरण पश्चिम बंगालमध्येच आहे. त्या बातम्या कापून वहीत चिकटवा, पुढच्या बॅचला लागतील.